मास्तरांची गाईडे आणि शासनाची जबाबदारी

शिक्षकाची नोकरी सोडून मार्गदर्शक पुस्तकांचा प्रकाशक झालेल्या आणि त्यात यश मिळविलेल्या माणसाकडे आपल्याकडे काहीशा कुत्सित नजरेने पाहिले जाते. विद्येचा बाजार मांडला, असा ठपका सहज ठेवला जातो. हा न्याय अपुरा आहे.

अकोले तालुक्यातील राजूरच्या परीक्षार्थीचा विचार करावा. महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या या पट्ट्यात सत्यनिकेतन संस्थेचे विद्यालय आहे, महाविद्यालयही आहे. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय खुद्द राजुरात आहे. पदवी येथे मिळते. परंतु लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसायचे म्हटले की अकोले, संगमनेर, नारायणगाव करीत पुण्याचा अप्पा बळवंत चौक गाठावा लागतो. 1926 साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी याच डोंगरांतून निघून खालच्या उसाला जाते. विद्येची वाटही तशीच उताराची आहे.

त्या चौकात ‘के’सागर’सारखी नावे का रुजली? क्षीरसागर या आडनावातून घडलेले ते नाव राज्यातील बहुतेक परीक्षार्थींना ठाऊक आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोग 1960 साली स्थापन झाला. केंद्रीय नागरी सेवांची परीक्षा 1979 पासून भारतीय भाषांतून देता येऊ लागली. दार उघडले, पण आत जाण्यासाठी लागणारी मराठी पुस्तके कोणी तयार करावयाची, याचा विचार शासनाने केला नाही. इंग्रजी येणाऱ्या शहरी मुलाचे अडले नाही. खेड्यातल्या मुलासाठी राज्यघटना, अर्थव्यवस्था आणि भूगोल सोप्या मराठीत उतरविण्याचे काम खडू हाती धरलेल्या माणसांनीच केले. मूल कोठे अडते, हे त्यांना वर्गात कळलेले होते. त्यांनी नफा मिळविला हे खरे. परंतु ती जागा मोकळी कोणी सोडली होती?

अर्थात या पुस्तकांचे गुणगान करण्याचेही कारण नाही. प्रश्न वस्तुनिष्ठ, म्हणून उत्तरे सुटी. उत्तरे सुटी, म्हणून ज्ञानही तुकड्यातुकड्यांचे. 2023 पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचे आयोगाने ठरविल्यावर परीक्षार्थी पुण्यात रस्त्यावर उतरले आणि तो बदल 2025 पर्यंत लांबला. घरची जमीन गहाण टाकून एका पद्धतीची तयारी केलेल्या तरुणाचा तो संताप समजण्यासारखा होता. मात्र स्वतंत्र चार परिच्छेद लिहिण्याची त्याला धास्ती वाटावी, हा त्याचा दोष नव्हे. आपल्या शाळांचा आहे.

पाठ्यपुस्तके खासगी हाती राहू नयेत म्हणून याच राज्याने 1967 साली बालभारती उभी केली. त्याच वर्षी सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदाही झाला. मग स्पर्धा परीक्षांचे प्रमाण ग्रंथ बालभारतीने अनुभवी शिक्षकांकडून लिहवून घ्यावेत, त्यांना योग्य मानधन द्यावे आणि ते ग्रंथ राजूरसारख्या प्रत्येक प्रकल्प कार्यालयाच्या गावी, रात्री उघड्या राहणाऱ्या अभ्यासिकेत विनामूल्य ठेवावेत. आदिवासी विकास विभागाच्या अंदाजपत्रकात यासाठी स्वतंत्र तरतूद का होऊ नये, याचे उत्तर त्या भागाच्या लोकप्रतिनिधींनी विधानसभेत मागितले पाहिजे.