मय्यतीचा पडदा आणि लोकांचा हक्क

मोहल्ल्यात कुणी वारले की मशिदीतून ते जाहीर होते. लोक जनाज्याला येतात. पण मय्यतीला गुस्ल देताना पडदा लावतात, आत मोजकीच माणसे असतात. देहावर काही दिसले तरी बाहेर येऊन कुणी सांगत नाही. बातमी सर्वांची, देह मात्र पडद्याआड. गुन्ह्याच्या जागेलाही हाच न्याय लावायला हवा, असे मला वाटते.

1 एप्रिल 2017 रोजी राजस्थानच्या अलवर जिल्ह्यात, गायी घेऊन निघालेल्या हरियाणाच्या एका दूध व्यावसायिकाला जमावाने मारले. दोन दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. मारहाणीचा व्हिडिओ देशभर फिरला. हळहळत का होईना, आपणही तो पुढे पाठवला. 14 ऑगस्ट 2019 रोजी अलवरच्या न्यायालयाने सहा आरोपींना संशयाचा फायदा देऊन सोडले. ज्या मोबाइलवर चित्रण झाले तो पोलिसांनी जप्तच केला नव्हता, व्हिडिओची न्यायवैद्यक तपासणीही करून घेतली नव्हती. घराघरात पोहोचलेला व्हिडिओ कोर्टात पुरावा म्हणून टिकला नाही.

काही जण म्हणतील, व्हिडिओ नसता तर हे कुणाला कळलेच नसते. खरे आहे. म्हणून चित्रण करू नका असे मी म्हणत नाही. मूळ फाइल आणि मोबाइल जपा, पोलिसांना द्या, वकिलाला दाखवा. पण तडफडणाऱ्या माणसाचा चेहरा गावभर फिरवल्याने त्याला न्याय मिळत नाही. घरच्यांना मात्र तो क्षण पुन्हा पुन्हा सोसावा लागतो.

गोपनीयतेची ढाल पोलिसांनाही मिळता कामा नये. संवेदनशील प्रकरणे वगळता एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर टाकावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्येच सांगितले आहे. कोणती कलमे लावली, पंचनामा कधी झाला, नमुने प्रयोगशाळेत गेले का, हे विचारण्याचा हक्क समाजाला आहे. पडदा मृताच्या इज्जतीसाठी असतो, तपासातली हयगय झाकण्यासाठी नव्हे.

पुढच्या वेळी असा व्हिडिओ मोबाइलवर आला, तर तो पुढे पाठवण्याआधी एवढेच विचारा: ज्याने हे टिपले त्याचा मोबाइल जप्त झाला का?