पाण्याला फर्स्ट गिअर कळत नाही

पावसाळा लागला की काही माणसांना कंठ फुटतो. असेच एक गृहस्थ, चाळीस वर्षं स्टिअरिंगवर हात असल्याचं स्वतःच सांगणारे, परवा एका व्यासपीठावरून मुळशी-ताम्हिणीच्या रस्त्यांबद्दल बोलले. म्हणणं थोडक्यात असं : फरशीवर, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलावर, पाणी आलं की रस्ता बंद करायचा हा सरकारी भित्रेपणा. ज्याला गाडी येते तो पाण्याचा अंदाज घेतो, फर्स्ट गिअर टाकतो, अ‍ॅक्सिलरेटर सोडत नाही आणि पलीकडे निघतो. ज्याला येत नाही त्यानं घरी भजी खावीत. गावचे ट्रॅक्टर जातात, एसटी जाते, मग पंचवीस लाखांच्या फोर-बाय-फोरनं का थांबावं? टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या गाड्यांनी सोसायटीच्या स्पीडब्रेकरपेक्षा मोठा अडथळा पाहिलेला नसावा.

ट्रॅक्टरचं आधी उरकू. ट्रॅक्टरची मागची चाकं माणसाच्या छातीला लागतात, त्याला तरंगवेल अशी हवाबंद केबिन नसते आणि चालवणारा पाण्याच्या वर, उघड्यावर बसलेला असतो. त्याच्याशी हॅचबॅकची बरोबरी करणाऱ्याला ट्रॅक्टरही कळलेला नाही आणि हॅचबॅकही.

खरी गंमत ‘गाडी येते’ या शब्दांत आहे. चालकाचं सगळं कौशल्य जातं कुठून? स्टिअरिंगमधून, ब्रेकमधून, क्लचमधून, आणि शेवटी चार टायर जमिनीला जिथे टेकतात तिथून. प्रत्येक टायर तळहाताएवढा टेकलेला असतो. तो टेकू गेला की चाळीस वर्षांचा अनुभव आणि कालच मिळालेलं लायसन्स यांत फरक राहत नाही. आता हिशेब करा. लहान गाडीचं वजन हजार किलोच्या आसपास. तिचं पोट रस्त्यापासून साधारण सतरा सेंटिमीटर वर. ते पोट सहा चौरस मीटर धरलं, तर पाणी पोटाला लागल्यानंतर दर दहा सेंटिमीटरला सहाशे लिटर पाणी बाजूला सरतं, म्हणजे गाडीचं सहाशे किलो वजन पाणी स्वतःच्या अंगावर घेतं. आणखी दहा सेंटिमीटर, आणखी सहाशे किलो. संपलं. पाणी अजून गुडघ्यालाही लागलेलं नाही आणि गाडी फरशीवर नसून पाण्यावर आहे. दारांतून पाणी आत झिरपेल तेव्हा ती पुन्हा जड होईल हे खरं, पण तोवर ती फरशीवर असेल का खालच्या डोहात, हे ओढा ठरवणार.

आणि हे झालं साचलेल्या पाण्याचं. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. पुराच्या वेळी एखाद्या फरशीच्या कडेला नीट उभं राहून पाहा. चहाच्या रंगाचं पाणी, त्यात भाताची उपटलेली रोपं, मध्येच एखादं झापाचं पाचट. अडकलेल्या ओंडक्याच्या वरच्या अंगाला पाणी फुगून चढतं आणि खालच्या अंगाला खळगा पडतो. गाडी मध्ये घातली की हेच होतं. म्हणजे काठावरून तुम्ही जी खोली जोखली, ती तुम्ही आत शिरताच एका बाजूला वाढते. जोखलेलं पाणी आणि गाडीला भिडणारं पाणी एक नव्हे. खालच्या अंगाची कड तर पाण्यानं आतून पोखरलेली असते आणि ती पाणी उतरल्याशिवाय ब्रह्मदेवालाही दिसत नाही. फोर-बाय-फोरच्या जाहिरातीत ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याचा आकडा असतो. तो आकडा आडव्या धारेबद्दल चकार शब्द काढत नाही, आणि फरशी जागेवर आहे की नाही याबद्दल तर नाहीच.

एसटी जाते म्हणता? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या गेल्या. चालक कच्चे नव्हते. खालचा पूलच राहिला नव्हता.

वाहतं पाणी सोडा, साचलेलंही पाहा. जुलै २०१९ मध्ये मुंबईत मालाडच्या सबवेत एक स्कॉर्पिओ पाण्यात अडकली आणि आतले दोघे बुडाले. उंच गाडी, भर शहर. दाराच्या उंबऱ्यावर दोन फूट पाणी चढलं की मीटरभर रुंद दारावर सुमारे एकशे ऐंशी किलोचा दाब बसतो. आतून खांदा लावून बघा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशीही मुंबईत माणसं बंद गाड्यांत गुदमरून गेली.

इंजिनात पाणी गेलं तर? पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर विमावाले बहुधा हात वर करतात. आणि गाडीत पेशंट आहे, थांबता येत नाही, असं असेल तर? पेशंटसकट गाडी तरंगते.

या गृहस्थांची आणि माझी ओळख नाही, पण त्यांच्या युक्तिवादाची जुनी आहे. पुण्यात हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की तो हमखास भेटतो : ‘मी चाळीसच्या वर जातच नाही.’ जणू मागून येणारा डंपर आधी यांचा स्पीडोमीटर वाचणार आहे. त्याआधी सीटबेल्टच्या वेळी तो ‘गावातल्या गावात कशाला?’ म्हणून भेटला होता. प्रत्येक वेळी धोका हा आपल्या हुशारीचा अपमान आहे असं समजायचं आणि हुशारी सिद्ध करायला निघायचं. एक गावकरी बिचारा फरशीच्या तोंडाशी इरलं घेऊन उभा असतो, ‘दादा, थांबा वाईच, उतरंल पाणी’ म्हणतो. त्याला हॉर्न वाजवून बाजूला सारणारे हेच. आणि गाडी लटकली की दोर घेऊन पाण्यात उतरणाराही तोच गावकरी.

मग करायचं काय, असं विचाराल. फार थोडं. मुळशीची जमीन समजून घ्या. २५ जुलै २०२४ ला संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात अख्ख्या पावसाळ्यात जवळपास तेवढा पडतो. म्हणजे कोथरूडच्या गॅलरीतून आभाळ पाहून ताम्हिणीचा अंदाज बांधणं व्यर्थ. इथले ओढे आखूड आणि उताराचे. पाऊस कोसळला की झपाट्यानं चढतात, थांबला की तास-दोन तासांत उतरतात. तिथे थांबणं हाच उपाय आहे आणि तो फुकट आहे. मुळा नदीचं वेगळं. मुळशी धरणातून विसर्ग चालू असेल तर काठावर ताटकळून उपयोग नाही, मागे फिरायचं. फरशीच्या कडेचे खांब दिसत नसतील तर पाय घालायचा नाही, चाक तर नाहीच. रात्री तर विषयच नको. आणि फसलातच, तर पहिल्या क्षणी काच खाली घ्यायची आणि बाहेर पडायचं. काचेची वीज गेल्यावर नव्हे.

निर्णय पाण्याच्या काठावर घ्यायचाच नाही. तिथे मागे गाड्यांची रांग असते, शेजारी मोबाइल धरलेला मेहुणा असतो, मागच्या सीटवर भुकेली पोरं. तो घ्यायचा पिरंगुटला, फार तर पौडला, चहा घेताना, विसर्गाची बातमी आणि समोरून येणाऱ्यांची विचारपूस करून. एवढं करूनही पुढे फरशीवर पाणी दिसलं तर गाडी वळवा. धबधबे सप्टेंबरपर्यंत आहेत.