मंजूर भार

बँकेत बावीस वर्षं काढल्यावर एक गोष्ट पक्की कळते. माणसाची पत त्याच्या चेहऱ्यावर नसते, लिमिटात असते. गिऱ्हाईक कितीही टापटीप असो, लिमिट दोन लाखांचं आणि चेक तीन लाखांचा असला की तो परत जातो. संगणकाचंही असंच असतं हे मला चिरंजीवांनी शिकवलं, आणि त्याची फी माझ्याच खिशातून घेतली.

२०२० साली शाळा घरात शिरली तेव्हा आम्ही एक तयार संगणक घेतला. तयार म्हणजे बड्या कंपनीनं जुळवून, पेटीत घालून, वर आपलं नाव चिकटवून दिलेला. शेजारच्या काकांनी सुटे भाग आणून जुळवून घ्यायचा सल्ला दिला होता. पण आम्ही पडलो डोंबिवलीकर. चकली घरची, लोणचं घरचं, पण जिथं वीज आली तिथं कंपनीच बरी, हा आमचा बाणा.

चिरंजीव आता आर्किटेक्चरला आहेत. चार मजली इमारत काढायला घेतली की दुसऱ्या मजल्यावर संगणक धापा टाकत बसतो. यावर औषध म्हणजे ग्राफिक्स कार्ड. पोरानं वर्षभर शिकवण्या घेऊन पैसे साठवले आणि कार्ड आणलं. खोक्यावर सूचना होती : किमान ४५० वॅटचा पॉवर सप्लाय हवा. आम्ही पेटी उघडली. आत कंपासपेटीच्या थोरल्या बहिणीएवढी एक पत्र्याची डबी, आणि तिच्यावर आकडा १८०!

पॉवर सप्लाय हा संगणकाचा कॅशियर. भिंतीतून २३० व्होल्टची मोठी नोट घ्यायची आणि आत १२, ५, ३.३ व्होल्टची चिल्लर वाटायची, हे त्याचं काम. कार्डाला बोर्डावरच्या खाचेतून फार तर ७५ वॅट मिळतात. त्याची भूक त्याहून मोठी असेल तर उरलेले वॅट कॅशियरकडून वेगळ्या वायरनं घ्यावे लागतात. आमच्या कॅशियरकडे ती वायरच नव्हती. म्हणजे खिडकी आहे, रांग आहे, पण 'पैसे काढणे' हा अर्जच छापलेला नाही.

ठीक आहे, म्हटलं, कॅशियर बदलू. ५५० वॅटचा चांगला सप्लाय आणला. त्याच्या मुख्य प्लगला चोवीस पिना. आमच्या बोर्डावर सहा. शिवाय तो आकारानं इतका भरदार की पेटीत शिरेचना. कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी अतिशय गोड आवाजात म्हणाली, "सर, तुम्ही नवीन मॉडेल का नाही घेत?"

म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर बिघडला की घर बदलायचं!

आता माझं भांडण काय ते सांगतो. ही चोवीस पिनांची पद्धत काही माझ्या मेव्हण्यानं काढलेली नाही. इंटेल कंपनीनं १९९५ साली एटीएक्स नावाचं माप जाहीर केलं. तेव्हा पिना वीस होत्या, पुढे चोवीस झाल्या. ते माप पाळलं की कुणाचाही सप्लाय कुणाच्याही बोर्डाला चालतो. आजोबांनी बसवलेल्या होल्डरमध्ये आज मी कुठल्याही कंपनीचा एलईडी बल्ब लावतो तो अशाच मापामुळे. उद्या प्रत्येक बल्बवाल्यानं आपापला होल्डर काढला, तर देव्हाऱ्यातला दिवा बदलायला सुतार, गवंडी आणि वकील असे तिघे बोलवावे लागतील.

कंपन्यांची बाजूही मी ऐकून घेतो. बँकेत ऐकून घेण्याचाच पगार मिळतो. त्या म्हणतात, आमचा सप्लाय नुसते १२ व्होल्ट देतो, त्यामुळे संगणक रिकामा बसला असताना वीज कमी जाते. हे खरं आहे. वाचवा की वीज! पण म्हणून प्लग गुपचूप का बदलायचा? त्याचा आराखडा छापा, मोठा सप्लाय योग्य दरात विका. एका बड्या परदेशी कंपनीनं तर नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कमालच केली होती. प्लग दिसायला नेहमीचा, आतल्या वायरींचा क्रम निराळा. नेहमीचा सप्लाय बिनबोभाट बसे आणि बोर्ड जाळून टाकी. याला वीजबचत म्हणत नाहीत.

आमच्या महावितरणला आम्ही लोडशेडिंगच्या काळात काय काय बोललो ते इथं छापता येणार नाही. पण घरी एसी घेतला तेव्हा वीजबिलावरचा 'मंजूर भार' वाढवायला तिथं रीतसर अर्ज होता. अर्ज भरा, पैसे भरा, भार वाढवा. संगणकवाल्यांकडे तो अर्जच नाही. तिथं जन्मताना जो भार मंजूर झाला तोच मरेपर्यंत.

फ्रान्सनं २०२१ साली मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही अशा वस्तूंवर दुरुस्ती कितपत सोपी याचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं केलं. आपल्याकडेही केंद्र सरकारनं २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. माझी मागणी त्याहून स्वस्त आहे. तयार संगणकाच्या खोक्यावर तीन ओळी छापा : सप्लाय किती वॅटचा, प्लग कुठल्या मापाचा, बदलता येतो की नाही. बिस्किटाच्या पाच रुपयांच्या पुड्यावर मीठ-साखरेचा हिशेब असतो. चाळीस हजारांच्या पेटीवर एवढंही नको?

शेवटी दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठलं आणि लॅमिंग्टन रोडवर, आमच्या बोर्डाचा नंबर दाखवून, चोवीसाचे सहा करणारी वायर मिळवली. संगणक सुरू झाला. चार मजले, गच्ची आणि पाण्याची टाकीसुद्धा एका दमात उभी राहिली. पोराच्या तोंडावरचं हसू पाहून माझा निम्मा राग तिथंच वटला.

फक्त सप्लाय पेटीत मावत नाही. तो बाहेर, टेबलावर, सौ.नं दिलेल्या लाकडी पाटावर विराजमान असतो. आलेगेले विचारतात, हे काय? सौ. शांतपणे सांगते, "पेइंग गेस्ट आहे. कंपनीनं आत जागा ठेवली नव्हती."