पहिलं पुस्तक वाइनबर्गचं नको!

क्वांटम फील्ड थिअरी शिकायचीय म्हटलं की कुणीतरी शहाणा सांगतोच, "वाइनबर्ग वाच." मीही पहिला खंड (१९९५) घेतला. त्यात आधी कण येतात, फील्ड थेट पाचव्या प्रकरणात! तर्क चोख आहे हो, पण विषय आधीच येतो त्यालाच तो कळतो. मी मात्र वर्षभर स्वतःला ढ समजत बसलो. असले सल्ले शिकवायला नसतात, भाव खायला असतात.

त्यापेक्षा डेव्हिड टाँगच्या फुकट नोट्स घ्या, जोडीला पेस्किन-श्रोडर. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनपासून म्युऑनची जोडी कशी होते, ते गणित स्वतः सोडवा. मग वाइनबर्ग उघडा, ग्रेट वाटेल.

आणि सल्लागारांनो, तुम्ही पहिल्यांदा कशातून शिकलात, ते खरं सांगा की राव!