विषाणूची भाषा आणि म्हसावदची पपई

चॅटजीपीटीच्या जातकुळीतली मॉडेलं आता विषाणूंची उत्क्रांती अभ्यासतात, असं म्हटलं की दोन आक्षेप हमखास येतात. शब्दापुढे शब्द मांडणाऱ्या यंत्राला जीवशास्त्र काय कळणार? आणि परदेशातल्या या उद्योगाचा शहादा तालुक्यातल्या म्हसावदच्या पपईशी काय संबंध?

पहिला आक्षेप वरवर बिनतोड आहे. पण प्रथिन म्हणजे वीस अमिनो आम्लांची माळच. ती अक्षरांसारखी वाचता येते. ब्रायन ही या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जानेवारी 2021मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात इन्फ्लुएन्झा, एचआयव्ही आणि कोरोनाच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांवर असं मॉडेल तयार करून दाखवलं. कोणता बदल विषाणूला पेलवेल आणि कोणत्या बदलाने त्याचं रूप पालटेल, हे ते निव्वळ क्रमांवरून सांगतं. दोन्ही अटींत बसणारा बदल प्रतिपिंडांना चकवण्याची शक्यता जास्त. यंत्राला ‘कळतं’ की नाही, यावर खुशाल वाद घाला. त्याचा अंदाज प्रयोगाने तपासता येतो, हे महत्त्वाचं.

दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर बागेतच आहे. पपईवर रिंगस्पॉट हा विषाणूजन्य रोग आला की शेंड्याची पानं पिवळी पडून दोरीसारखी अरुंद होतात, देठावर तेलकट रेषा उमटतात, फळावर वलयं येतात. मावा पानाला क्षणभर सोंड लावतो आणि विषाणू सोडून जातो. फवारणीने तो मरेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. हवाईत 1998 साली विषाणूच्याच आवरण-प्रथिनाचं जनुक घातलेली ‘रेनबो’ पपई लागवडीला आली आणि तिथल्या बागा सावरल्या. पण इतर देशांतले या विषाणूचे अनेक प्रकार तिला जुमानत नाहीत. म्हणजे विषाणू कुठे, कसा बदलला, हा प्रश्न थेट शेतकऱ्याच्या खिशाचा आहे.

तरी आक्षेपकांचं एक म्हणणं मान्य करावंच लागतं: मॉडेलला मिळतं तेवढंच ते शिकतं. कोरोनाचे लाखो क्रम जगभरातून जमले, म्हणून त्याच्यावर इतकं काम झालं. शहाद्याच्याच जिल्ह्यातल्या नवापुरात 2006 साली बर्ड फ्लू आला, तेव्हा नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले म्हणूनच निदान पक्कं झालं. कोंबड्यांसाठी जे झालं, ते पपईसाठीही व्हायला हवं.

म्हणून मागणी नेमकी हवी. शहादा पट्ट्यातल्या रोगट पानांचे नमुने दर हंगामात घ्यावेत, त्यांचे जनुकीय क्रम काढून खुले करावेत, आणि नवी जात शिफारशीआधी तिथल्या विषाणूसमोर पारखावी. हे काम राहुरीच्या कृषी विद्यापीठाने अंगावर घ्यावं. मॉडेलला हसणं सोपं आहे. पण नमुनेच न पाठवता ‘त्याला आमचं काही कळत नाही’ म्हणणं हा कांगावा झाला.