सही करण्याआधी विचारा!

लिख्टेनश्टाइन! नाव घेतानाच जीभ अडखळते ना? स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मधोमध वसलेला हा चिमुकला देश. क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर, वस्ती जेमतेम ४० हजार. आपला एखादा तालुकाही याहून मोठा निघेल. पण कंपन्यांच्या नफ्यावर कर फक्त साडेबारा टक्के! मग ‘तिकडे पैसा लावा, कर वाचवा’ असं सांगणारे भेटतातच.

खरं तर नुसत्या कमी करावर हा देश श्रीमंत झालेला नाही. भिंतीत भोक पाडायची यंत्रं बनवणारी हिल्टी कंपनी तिथलीच, १९४१ सालची. कामं इतकी, की निम्म्याहून जास्त कामगार शेजारच्या देशांतून रोज ये-जा करतात. मात्र बँकांच्या गुप्ततेसाठीही हा देश गाजला. २००८ मध्ये तिथल्या एका बँकेची खातेदारांची यादी फुटली. त्यात भारतीय नावंही निघाली आणि २०१४ मध्ये सरकारला ती सुप्रीम कोर्टात द्यावी लागली.

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं? मैत्रिणींनो, इथेच तर खरी गोम आहे. परदेशात गुंतवणूक करणं गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. ही मर्यादा घरातल्या प्रत्येकाची वेगळी. मग बायकोचं नाव उपयोगी पडतं! कागद समोर येतो, ‘इथे सही कर’ म्हणतात आणि आपण चहाचा कप बाजूला ठेवून सही करतो. पण परदेशातलं खातं, शेअर्स आपल्या आयकर विवरणपत्रात दाखवावेच लागतात. लपवले तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यानुसार दहा लाखांचा दंड होऊ शकतो. आणि नोटीस येते ती ज्याचं नाव, त्याच्याच नावावर!

याच श्रीमंत लिख्टेनश्टाइनमध्ये बायकांना मतदानाचा हक्क कधी मिळाला ठाऊक आहे? १९८४ साली! त्याआधी १९७१ आणि १९७३ मध्ये तिथल्या पुरुषांनी मतदान करून तो नाकारला होता. पहिली महिला पंतप्रधान, ब्रिगिटे हास, आली ती २०२५ मध्ये. घरात पैसा आला म्हणून बाईच्या शब्दाला किंमत येतेच असं नाही, हेच खरं.

म्हणून सही करण्याआधी विचारा. पैसा कुठे चाललाय? त्यावर कर भरलाय का? माझ्या विवरणपत्रात तो दाखवणार ना? विचारलं म्हणून कुणी रागावलं तर रागावू द्या. नाव आपलं आहे, मग माहितीही आपल्यालाच हवी!