वजनदार प्रश्न

मराठी भाषेने ‘जड’ या शब्दाला फारशा मायेने वागवलेले नाही. पाय जड होतात, गणित जड जाते, निरोप जड अंतःकरणाने घ्यावा लागतो. हलके होते ते मन! म्हणूनच की काय, दिवाळीचा फराळ अंगावर दिसू लागून घरात डंबेल आणायचे ठरले, की वडीलमंडळी एकमुखाने सांगतात, “हलकेच आणा हो!” आणि कॉलेजात जाणारे चिरंजीव नेमके उचलणार नाही एवढे जड घेऊन येतात.

खरे कोणाचे? आपल्या तालमींनी हा वाद कधी घातलाच नाही. तिथे शेकड्यांनी जोर-बैठका निघत आणि भिंतीशी वजनदार मुद्गलांची जोडीही उभी असे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याच वळणाचा आहे. व्यायामाची सवय असलेले ४९ तरुण त्यांनी १२ आठवडे राबवले. काहींनी जड वजन ८ ते १२ वेळा उचलायचे, काहींनी हलके २० ते २५ वेळा. अट एकच : आता आणखी एकदाही उचलवत नाही, इथवर जायचे. स्नायू दोघांचेही जवळजवळ सारखेच वाढले.

शरीर मोठे काटकसरी असते. आधी ते स्नायूंतल्या लहान तंतूंवर भागवते. ते थकले की राखीव थोरांना हाक मारते. जड वजनाला सगळेच लवकर धावतात, हलक्याला शेवटच्या चार-सहा खेपांत. ज्याने त्या खेपा टाळल्या, त्याने नुसता हात हलवला! मात्र जड उचलण्याची ताकद जड उचलूनच अधिक येते, कारण मज्जातंतूंनाही सराव लागतो.

हाडांची गोष्ट आणखी निराळी. ऑस्ट्रेलियात पाळी थांबलेल्या, हाडे विरळ झालेल्या शंभरेक स्त्रियांवर झालेला प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. जाणकारांच्या देखरेखीखाली, आठवड्यातून दोनदा, आठ महिने ज्यांनी जड वजने उचलली आणि उड्यांचा व्यायाम केला, त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली.

आता आपल्या घरात पाहा. जिने उभ्या जन्मात पाण्याच्या घागरी आणि धान्याचे डबे उचलले, तिला साठी लागताच आपण म्हणतो, “आई, तू नको उचलूस.” त्यात माया असते, शंका नाही. पण न वापरलेले बळ मुकाट्याने निघून जाते, आणि एके दिवशी पाटावरून उठायला तिला आपला हात लागतो. तेव्हा डॉक्टरांना विचारावे, शिकवणारा जाणता गाठावा, हलक्यापासून आरंभ करावा आणि महिन्या-महिन्याने भार वाढवावा. तोवर, मंडळी, भाजीबाजारातून परतताना तिच्या दोन्ही पिशव्या काढून घेऊ नका. एक तिच्याकडे राहू द्या. बटाट्यांची असली तरी चालेल!